नोकरकपातीत नाव आलंय? सही करण्याआधी हे वाचा : नाशिकच्या कामगारासाठी पायरी-पायरीने

शुक्रवारची पहिली पाळी सुटायला पंधरा मिनिटं होती. सुपरवायझर जवळ येऊन म्हणाला, "एचआरमध्ये जाऊन ये. आणि जाताना गेज जमा करून जा." गेज जमा करायला सांगितलं तेव्हाच मला कळून चुकलं. अंबडमधल्या एका ऑटोपार्ट कारखान्यात मी नऊ वर्षं सात महिने क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. बोअर गेज आणि मायक्रोमीटर ही मोजमापाची साधनं माझ्या नावावर होती, इन्स्पेक्टर ती सुट्टीवर जातानाही जमा करत नाही.

ही गोष्ट ऑगस्ट २०२३ची. पुढची दोन वर्षं तारखा, अर्ज, झेरॉक्स आणि पोचपावत्या यांत गेली. सुरुवातीला कुणी नीट सांगणारा भेटला असता तर निदान चार महिने आणि काही हजार रुपये वाचले असते. म्हणून हे लिहितोय. मी वकील नाही. तुमच्या प्रकरणात शेवटचा शब्द वकिलाचाच. पण वकिलापर्यंत पोहोचण्याआधीच लोक हरून बसतात, आणि ते बहुतेक वेळा एचआरच्या खोलीतच घडतं.

१. त्या खोलीत : चहा घ्या, सही नको

माझ्यासमोर तीन कागद ठेवले होते. वरचा इंग्रजीत टाइप केलेला राजीनामा. नाव, टोकन नंबर, तारीख सगळं भरलेलं, "वैयक्तिक कारणास्तव" असं कारणही त्यांनीच ठरवलेलं. खाली "माझं काही येणं नाही" अशी पावती. तिसरा चेकच्या पोचचा. एचआरवाला म्हणाला, "कपात म्हणून काढलं तर पुढच्या कंपनीत अडचण येईल, राजीनामा दिला तर रेकॉर्ड स्वच्छ राहतं. वर दोन महिन्यांचा पगार देतोय, साहेबांनी खास सांगितलंय."

यातली मेख अशी : स्वतःहून दिलेला राजीनामा ही कायद्याच्या दृष्टीने कपात नसतेच. स्वेच्छानिवृत्तीलाही कपात धरत नाहीत. कपातीची भरपाई, कारण विचारण्याचा हक्क, ज्युनिअरला ठेवून मला का काढलं हा प्रश्न, सगळं त्या एका सहीत जातं. "दबावाखाली सही केली" हे नंतर सिद्ध करता येतं, पण सिद्ध करायचा भार तुमच्यावर येतो. माझ्याबरोबर बोलावलेल्या चौघांपैकी दोघांनी तिथेच सही केली. एकाच्या मुलीची फी भरायची होती, त्याला मी दोष देत नाही.

तिथे एवढंच करा :

- "घरी वाचून सोमवारी सांगतो" म्हणा. भांडू नका, आवाज चढवू नका. शिवीगाळ केलीत तर कपातीच्या जागी गैरवर्तनाचं आरोपपत्र येतं.
- कागदाची प्रत मागा. दिली नाही तर बाहेर पडल्याबरोबर वेळ, खोलीत कोण होतं आणि काय बोलणं झालं ते लिहून काढा. मी कंपनीबाहेरच्या टपरीवर बसून बिस्किटाच्या पुड्याच्या मागे लिहिलं. पुढे वकिलांनी तो कागद जपून ठेवायला सांगितला.
- एखादा कागद घ्यावाच लागला तर सहीजवळ "मिळाले, हक्क राखून" असं लिहा आणि तारीख टाका. राजीनाम्यावर मात्र तेही नको. त्यावर सहीच नको.
- सोमवारी कामावर जा. गेटवर अडवलं तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल आणि स्पीड पोस्टाने (रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५मध्ये त्यातच विलीन झालं) कळवा : "मी कामावर हजर झालो, मला गेटवर अडवलं." हे केलं नाही तर महिन्याभराने "स्वतःहून गैरहजर राहिला" असं पत्र येतं. आमच्या चौथ्या साथीदाराच्या बाबतीत हेच झालं.

२. तुम्ही कायद्याच्या नजरेत "कामगार" आहात का

वकील पहिल्यांदा हेच विचारतो, आणि इथेच दोन वाटा फुटतात.

माझ्या ओळखपत्रावर "सीनियर एक्झिक्युटिव्ह, क्वालिटी" असं छापलं होतं. एचआरचं म्हणणं, एक्झिक्युटिव्ह म्हणजे मॅनेजमेंट, कामगार कायदा लागूच नाही. पण न्यायालय पदनाम पाहत नाही, दिवसभर प्रत्यक्ष काय काम करता ते पाहतं. मी आठ तास बोअर मोजायचो आणि रिपोर्टवर आकडे भरायचो. कुणाची रजा मंजूर करायचो नाही, कुणाला मेमो द्यायचा अधिकार नव्हता. हाताने करायचं, कुशल, अकुशल, तांत्रिक किंवा कारकुनी काम असेल तर पगार कितीही असो, तुम्ही कामगार. देखरेख हेच मुख्य काम असेल तर मात्र पगाराची मर्यादा येते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ती महिना १०,००० रुपये होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत (तिच्याबद्दल पुढे सांगतो) १८,००० आहे. तेव्हा खरोखरच सुपरवायझर असाल तर आजच्या पगारात बहुधा बाहेर पडाल.

म्हणून एका कागदावर आपल्या नेहमीच्या दिवसाचं वेळापत्रक लिहा. सात वाजता काय, दहा वाजता काय, कुणाच्या सांगण्यावरून. हाताखाली माणसं होती का, त्यांच्या पगारवाढीत तुमचं मत घेतलं जायचं का, हेही प्रामाणिकपणे लिहा.

मॅनेजर असाल तर लढाई नेमणूकपत्रातल्या अटींवर असते. नोटिशीची मुदत, थकलेले पैसे, फार तर दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई. नोकरी परत मिळणं जवळपास नाही. ठेकेदारामार्फत असाल तर कागदावर मालक ठेकेदार आहे, "खरा मालक कंपनीच" हे आधी वेगळं सिद्ध करावं लागतं. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल आणि मुदत संपून करार वाढवला नाही, तर त्याला कपात म्हणत नाहीत. या तिघांनी पुढची पायरी वाचण्याआधी वकिलाला भेटलेलं बरं.

३. कपात खरी की नावापुरती : पाच प्रश्न

माणसं कमी करण्याचा अधिकार मालकाला आहे, हे आधी मान्य करा. ऑर्डर गेली, लाइन बंद झाली, चार माणसांचं काम एका मशीनवर आलं, तर कपात होऊ शकते आणि ती कायदेशीरही असू शकते. वाईट वाटणं वेगळं, बेकायदेशीर असणं वेगळं. फरक पुढच्या प्रश्नांतून कळतो.

*काम खरंच संपलंय का?* मला दिलेलं कारण "मागणी घटल्याने". त्याच महिन्यात आमच्या विभागात ओव्हरटाइम चालू होता आणि ठेकेदाराची तीन नवी पोरं माझ्याच टेबलावर बसून माझ्याच चेकशीटवर सह्या करत होती. माणूस जास्त झाला म्हणून काढायचा आणि तेच काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं, हे एकत्र बसत नाही.

*शेवटी आलेला आधी गेला का?* कपातीचा मूळ नियम हाच : एकाच प्रकारचं काम करणाऱ्यांत जो सर्वांत शेवटी लागला त्याला आधी काढायचं. मालक हा क्रम मोडू शकतो, पण कारण नोंदवून. जुन्या नियमांप्रमाणे कपातीच्या किमान सात दिवस आधी ज्येष्ठता यादी सूचनाफलकावर लावावी लागायची. आमच्याकडे फलकावर गणपतीच्या वर्गणीची यादी होती, ज्येष्ठतेची नव्हती. २०१९ आणि २०२१ला लागलेले दोघे इन्स्पेक्टर राहिले आणि २०१४चा मी गेलो. इथे एक चूक माझी : फलकाचा फोटो काढला नाही. गेटच्या आत असताना सुचलं नाही, बाहेर पडल्यावर उपयोग नव्हता.

*पैसे त्याच वेळी दिले का?* ज्याने बारा महिन्यांत २४० दिवस काम केलंय त्याला कपात करायची तर कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार द्यावा लागतो. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांची सरासरी मजुरी भरपाई म्हणून. ही भरपाई कपात करतानाच द्यायची असते, "नंतर हिशेबात बघू" चालत नाही. माझ्या खात्यात फक्त नोटिशीचा पगार आला. पत्रात लिहिलं होतं, उरलेलं फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या वेळी. माझ्या वकिलांनी पहिल्या भेटीत पेनाने खूण केली ती याच ओळीवर.

*सरकारला कळवलं का?* कपातीची सूचना कामगार विभागाला द्यायची असते. ती दिली नाही एवढ्याच कारणाने कपात रद्द होईल असं नाही, पण घाईघाईने उरकल्याचा तो पुरावा ठरतो. मोठ्या कारखान्यात तर आधी परवानगीच लागते. जुन्या कायद्यात १०० कामगारांची मर्यादा होती, संहितेत ती ३०० आहे. कळवलं की नाही हे शोधायचा सोपा रस्ता म्हणजे माहिती अधिकार. दहा रुपयांचा अर्ज कामगार उपायुक्त कार्यालयात द्या, उत्तराला ३० दिवसांची मुदत असते.

*तुमचंच नाव का?* मागच्या सहा महिन्यांत युनियनची पावती फाडली होती का? सुरक्षेबद्दल, ओव्हरटाइमबद्दल लेखी तक्रार केली होती का? अपघातात साक्ष दिली होती का? बाळंतपणाच्या रजेवर असताना काढलं असेल तर ते वेगळ्याच कायद्याखाली गंभीर आहे. अशा घटनांच्या तारखा एकाखाली एक लिहा. कधी कधी ती यादीच बोलते.

पाचही प्रश्नांची उत्तरं कंपनीच्या बाजूने आली तर? मग पैसे बरोबर मोजून घ्या आणि पुढची नोकरी शोधा. मी हे निराश करायला सांगत नाही. आमच्या सातपूरच्या एका मित्राचा अख्खा प्लांटच हलला होता, भरपाईही चोख मिळाली होती. तरी तो कुणाच्या तरी नादाने दीड वर्ष खेटे घालत राहिला.

४. पैशाचं गणित स्वतः मांडा

माझे आकडे देतो, तुमचे घालून बघा. एकूण मासिक मजुरी ३१,००० रुपये, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २२,४००. नोकरी नऊ वर्षं सात महिने. शेवटचे सहा महिन्यांच्या वरचे दिवस पूर्ण वर्ष धरतात, म्हणून दहा वर्षं.

- कपातीची भरपाई : ३१,००० ची निम्मी १५,५००, गुणिले १० = १,५५,००० रुपये
- नोटिशीचा पगार : ३१,००० रुपये
- ग्रॅच्युइटी : २२,४०० × १५ × १० ÷ २६ = सुमारे १,२९,२३१ रुपये

एकूण ३,१५,२३१. राजीनाम्याबरोबर मला मिळणार होते ग्रॅच्युइटी आणि दोन महिन्यांचा "खास" पगार, म्हणजे १,९१,२३१. साहेबांच्या मेहेरबानीची किंमत उणे १,२४,००० रुपये. शिवाय न वापरलेल्या हक्काच्या रजेचे पैसे आणि बोनस वेगळे.

इथे दोन ठिकाणी लोक हमखास चुकतात. एक, भरपाईत १५ दिवस म्हणजे महिन्याचा अर्धा पगार, तर ग्रॅच्युइटीत २६ने भागायचं. दोन्हींना एकच सूत्र लावू नका. दुसरं, ग्रॅच्युइटी ही भरपाईच्या "ऐवजी" नसते. ती तुमच्या सेवेची, भरपाई नोकरी गेल्याची. दोन्ही मिळतात. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत मिळाली नाही तर तिच्यासाठी कामगार विभागात स्वतंत्र अर्ज करता येतो, मूळ वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं कारण नाही. केलेल्या दिवसांचा पगार तर दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा.

खात्यात पैसे आपसूक जमा झाले म्हणजे तुम्ही कपात मान्य केली असं होत नाही. पण गप्प बसू नका. "रक्कम हक्क राखून स्वीकारली आहे" असं एका ओळीचं पत्र पाठवा.

ईएसआयचे (कामगार विमा योजनेचे) सदस्य असाल तर शाखा कार्यालयात जाऊन नोकरी गेलेल्यांसाठीच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करा. आमच्यापैकी एकाला त्याचा खरोखर आधार झाला, बाकीच्यांना अशी काही योजना असते हेच ठाऊक नव्हतं.

५. कागद गोळा करा, आठवड्याच्या आत

कंपनीचा ईमेल आणि पगाराचं पोर्टल कधी बंद होईल सांगता येत नाही. माझं तिसऱ्या दिवशी बंद झालं. त्यामुळे आधी ऑनलाइन गोष्टी उतरवून घ्या, मग घरातले कागद शोधा.

- नेमणूकपत्र, कायम केल्याचं पत्र, पगारवाढीची पत्रं
- शेवटच्या बारा महिन्यांच्या पगार स्लिपा, निदान शेवटच्या तीन तरी
- बँकेचं पासबुक, पगार जमा झालेल्या ओळींसह
- यूएएनवरून (पीएफच्या तुमच्या कायम क्रमांकावरून) काढलेलं पीएफचं पासबुक. सलग सेवा दाखवायला याच्यासारखा साक्षीदार नाही, आणि कंपनीने मध्येच "ब्रेक" दाखवला असेल तर तोही इथेच उघडा पडतो
- ईएसआय कार्ड, कंपनीचं ओळखपत्र (परत मागितलं तर दोन्ही बाजूंचा फोटो काढून मग द्या)
- कपातीचं पत्र आणि ते आलं तो लिफाफा. पोस्टाच्या शिक्क्यावरून मुदत मोजतात
- तुमच्यानंतर लागलेल्या, पण अजून कामावर असलेल्या लोकांची नावं आणि त्यांचं लागल्याचं साल
- कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे पाळी आणि ओव्हरटाइमचे मेसेज. नुसता स्क्रीनशॉट काढून फोन विकू नका, मूळ फोन सांभाळा

कंपनीची ड्रॉइंग, ग्राहकांच्या याद्या, तपासणीचे गोपनीय रिपोर्ट मात्र उचलून आणू नका. आपला पगार सिद्ध करायला त्याची गरज नसते, आणि चोरीची तक्रार झाली की तुमची बाजू लंगडी पडते.

६. कंपनीला एक साधं पत्र

वकिलाची नोटीस नंतर जाईल. आधी तुमच्या सहीचं, मराठीत, एका पानाचं पत्र पाठवा. कधीपासून कामाला आहे, कोणत्या तारखेला काय सांगितलं, कपात मला मान्य नाही, ज्येष्ठता यादीची आणि कपातीच्या कारणाची प्रत द्या, मला कामावर परत घ्या. बस. अन्याय, पिळवणूक, कोर्टात खेचीन, असं काही नको. हेच पत्र पुढे न्यायाधीशांच्या हातात जाणार आहे, असं समजून लिहा.

पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. हातोहात दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. सिक्युरिटी केबिनमध्ये "ठेवून जा" म्हणतात. ठेवून जाऊ नका.

७. दाद कुठे मागायची, आणि दिवस कसे मोजायचे

माझी सगळ्यात मोठी धावपळ इथे झाली, म्हणून सावकाश वाचा.

महाराष्ट्रात आपल्याकडे १९७१चा एक वेगळा राज्य कायदा आहे : कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा. वकील त्याला "पीयूएलपी" म्हणतात. त्याखाली, खोट्या कारणाने, आकसाने किंवा अधिकाराचा देखावा करून काढलं अशी तक्रार थेट कामगार न्यायालयात करता येते. मुदत ९० दिवस. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफी मागता येते, पण ती मिळेलच असं धरून चालू नका. मी ८१व्या दिवशी दाखल केली. या मार्गात मालक-कामगार नातं निर्विवाद असावं लागतं, म्हणून ठेकेदारामार्फत असलेल्यांना हा रस्ता सरळ चालत नाही.

दुसरा मार्ग समेटाचा. कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज द्यायचा, समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतात, जुळलं तर तिथेच मिटतं, नाही तर प्रकरण पुढे जातं. एकट्या कामगारालाही हे करता येतं, युनियन असलीच पाहिजे असं नाही. जुन्या कायद्यात यासाठी तीन वर्षं मिळायची आणि अर्जाला ४५ दिवस होऊनही मिटलं नाही तर स्वतःहून न्यायालयात जाता यायचं. नव्या संहितेत समेटाची मुदत दोन वर्षांवर आली आहे आणि समेट फसल्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायचं आहे.

एकच वाट धरा. दोन्हीकडे एकदम अर्ज टाकला तर जोर वाढेल असं मलाही वाटलं होतं. पण एका कायद्याखाली प्रकरण सुरू केलं की त्याच गोष्टीसाठी दुसऱ्याखाली जाता येत नाही, पीयूएलपीतच तशी तरतूद आहे. कोणती वाट हे वकिलाला विचारून ठरवा, पण ९० दिवस संपण्याच्या आत विचारा.

आता "संहिता, संहिता" म्हणतोय ती काय : २१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४७चा औद्योगिक विवाद कायदा तिच्यात विरला. माझं प्रकरण जुन्या कायद्यातलं. एक महिन्याची नोटीस, वर्षाला १५ दिवसांची भरपाई, शेवटचा आधी जाणं, हा गाभा तसाच आहे. नवीन म्हणजे कौशल्य निधी : कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने १५ दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायची. एचआर स्वतःहून याचा उल्लेख करेल अशी आशा ठेवू नका, पत्रात मागा. तुमच्या कपातीची तारीख कोणती, त्यावरून कोणता कायदा लागणार, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न ठेवा.

तारखा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. ३०वा, ६०वा, ७५वा दिवस. माझ्या बायकोने दाराच्या मागच्या कालनिर्णयवर लाल पेनाने गोल केले होते, मोबाइलपेक्षा त्याचाच उपयोग झाला.

८. वकील कसा निवडायचा

माझे पहिले वकील मेहुण्याच्या ओळखीतले. जमिनीच्या दाव्यांत नावाजलेले, माणूस सज्जन. फाइल ठेवून घेतली आणि म्हणाले, "बघू, कंपनीला दिवाणी नोटीस देऊ." पाच आठवडे "बघू" झालं. मी रोज फोन करायचो आणि ओळखीतला माणूस म्हणून जोरात विचारायची लाज वाटायची. शेवटी युनियनमधल्या एका काकांनी विचारलं, "अरे, हे कामगार कोर्टात उभे राहतात का कधी?" मी हे कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून आधी हेच विचारा : कामगार न्यायालयात नियमित असता का? माझ्यासारखी कपातीची प्रकरणं केली आहेत का, आणि ती कामगाराच्या बाजूने की मालकाच्या? फी टप्प्याने की एकरकमी, आणि तडजोड झाली तर त्यातली टक्केवारी घेणार का? टक्केवारीवर केस घेण्याची वकिलांना परवानगी नाही, कुणी तसं बोलला तर उठून या. "शंभर टक्के परत कामावर लावतो" म्हणणाऱ्यापासूनही दूर राहा.

पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात, सीबीएसजवळ, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. मोफत वकील फक्त गरिबांना मिळतो असा समज आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगार हा वेगळा गटच आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती यांनाही नाही. ओळखपत्र, कपातीचं पत्र आणि साधा अर्ज घेऊन जा. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे.

युनियनचा रस्ताही आहे. खुटवडनगरच्या सिटू भवनात किंवा भारतीय मजदूर संघाच्या कार्यालयात अनुभवी माणसं भेटतात. समेटाच्या कामकाजात युनियनचा प्रतिनिधी तुमच्या वतीने बोलू शकतो. त्यांच्या राजकारणाशी तुमचं पटतंच असं नाही, मलाही सगळं पटत नाही, पण तुमच्या कंपनीचा एचआर त्यांना नावानिशी ओळखतो याची किंमत असते.

पहिल्या भेटीला जाताना घटनांची तारीखवार एक पानी टिपण आणि कागदांच्या झेरॉक्स न्या. मूळ कागद कुणालाही देऊ नका. दिलेच तर पोच घ्या. माझं मूळ नेमणूकपत्र त्या जमिनीवाल्या वकिलांकडून परत मिळवायला तीन फेऱ्या पडल्या.

९. काय मिळू शकतं, आणि तडजोडीची वेळ

२०१३ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात म्हटलं की बेकायदा काढलं असेल तर मागच्या पगारासह पुनर्स्थापना, म्हणजे परत कामावर घेणं, हा सर्वसाधारण नियम. पण नंतरच्या निकालांत, विशेषतः नोटीस किंवा भरपाईची चूक असेल तिथे, पुनर्स्थापनेऐवजी ठोक रक्कम देण्याकडेही कल दिसतो. तेव्हा दोन्हीची तयारी ठेवा. मागचा पगार मागायचा तर मधल्या काळात बेकार होतो हे सांगावं लागतं. मी पाथर्डी फाट्याला भावाच्या दुकानात बसायचो, ते लपवलं नाही. लपवलेलं उलटतपासणीत निघालं तर बाकीच्या खऱ्यावरचाही विश्वास जातो.

दुसऱ्या वर्षी कंपनीने तडजोडीचा निरोप पाठवला. आकडा सांगत नाही, समझोत्यातच तशी अट आहे. पण मसुदा वाचताना काय सापडलं ते सांगतो. "कोणत्याही प्रकारचं येणं राहिलेलं नाही" या एका वाक्यात त्यांनी पीएफचा राहिलेला हिस्साही गुंडाळला होता, आणि सेवासमाप्तीचं कारण पुन्हा "राजीनामा". माझ्या नंतरच्या वकीलबाईंनी दोन्ही खोडून घेतलं. चेकऐवजी डिमांड ड्राफ्ट, न्यायालयासमोरच द्यायचा, आणि अनुभवाचं प्रमाणपत्र त्याच दिवशी, अशी अट घातली. करकपात किती होणार हेही सहीआधी लेखी घ्या.

तडजोड म्हणजे हार, असं काही लोक म्हणतील. ते सहसा तुमच्या घरचा हप्ता भरत नसतात.

१०. एक हक्क जो सगळे विसरतात

कपातीनंतर त्याच कंपनीने त्याच कामासाठी भरती काढली, तर आधी काढलेल्यांना बोलवावं लागतं. संहितेत यासाठी एक वर्षाची मुदत आहे. पण कंपनी बोलावणार कुठे? तुमच्या नोंदवलेल्या पत्त्यावर. भाडं परवडेना म्हणून आम्ही सिडकोतली खोली सोडून गावाकडे गेलो, तेव्हा मी पत्ता बदलल्याचं पत्र कंपनीला रजिस्टरने पाठवलं होतं. सोबतच्या दोघांनी पाठवलं नाही. त्यांची बोलावणी "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा घेऊन परत गेली, आणि कंपनीने तेच लिफाफे, न फोडता, पुरावा म्हणून दाखल केले.